कोरम

चाळिशीला टेकल्यावर सीएसची, म्हणजे कंपनी सेक्रेटरीची, परीक्षा द्यायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं आणि कंपनी कायदा 2013 नावाचा 470 कलमांचा ठोकळा घरात आला. घर फोंड्यात, ऑफिस पणजीत, त्यामुळे अभ्यास कदंबाच्या बसमध्ये. बाणस्तारीच्या पुलापर्यंत डायरेक्टर, मेरशीपर्यंत शेअरहोल्डर, आणि पणजी स्टँडवर उतरलो की दोन्ही साफ.

मग घरी मोठ्याने वाचायला लागलो, तिथंच फसलो.

बाबांकडे एका कंपनीचे पंचवीस शेअर आहेत, तिची फॅक्टरी वेर्ण्याला. वास्कोला लग्नाला जाताना त्यांनी तिथं गाडी थांबवायला लावली आणि सिक्युरिटीला म्हणाले, "जरा आत बघून येतो, आपलीच आहे." त्याने आमच्याकडे असं बघितलं की मी गाडी सुरूच ठेवली होती ते बरं.

मी त्यांना समजावलं की शेअरहोल्डर कंपनीच्या मालमत्तेचा मालक नसतोच. मॅकोरा नावाच्या गृहस्थाने आपली लाकडं आपल्याच कंपनीला विकली, शेअर जवळजवळ सगळे त्याचेच, पण विमा राहिला स्वतःच्या नावावर, लाकडं जळून खाक झाली आणि 1925 साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं, लाकडं कंपनीची, तुझी नव्हेत, पैसे विसर.

"वकील बरा नसणार त्याचा," बाबा म्हणाले.

डायरेक्टर मात्र त्यांना आवडले. वर्षाला निदान चार बोर्ड मीटिंगा, दोन मीटिंगांत 120 दिवसांपेक्षा जास्त खंड नको, हे वाचल्याबरोबर म्हणाले, "म्हणजे आमच्या नारळ पाडणाऱ्या पाडेल्यासारखं! वेळेवर आला नाही की नारळ डोक्यावर." (सव्वाशे पानांच्या गाईडात एवढं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.) पण पुढचं मी वाचायला नको होतं. बारा महिन्यांतल्या एकाही मीटिंगला डायरेक्टर आला नाही तर त्याची खुर्ची आपोआप जाते, रजा घेतली असली तरी.

आत आई मासळी साफ करत होती. "तुम्ही भाटात शेवटचे कधी गेला होतात?"

बाबा गप्प. भाट म्हणजे नारळाची बाग, आईच्या सासऱ्यांची, पण पाडेल्याशी हुज्जत, नारळांचा हिशोब, कुंपण, सगळं आईच बघते. आणि गोव्यात लग्नाचा वेगळा करार केला नसला की नवरा-बायको मालमत्तेत अर्धेअर्धे, वारशाने आलेलीही त्यातच, हे आईला माझ्याआधीपासून पाठ आहे. तिने तिथंच ठराव मांडला, नारळांच्या पैशांतून नवा फ्रिज. बाबांचं मत विरोधात. 50-50. साधा ठराव पास व्हायला विरोधापेक्षा जास्त मतं लागतात.

"बरोबरी झाली की अध्यक्षाला कास्टिंग व्होट असतो ना?" बाबा.

"आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या नियमावलीत, लिहिला असेल तर."

"घराची आर्टिकल्स कुठे आहेत?" हे आई. दोघंही माझ्याकडे बघायला लागले, जणू मी रजिस्ट्रार. माझे शेअर शून्य.

बाबा चप्पल घालून निघून गेले. प्रायव्हेट कंपनीच्या सभेला दोन मेंबरांचा कोरम, म्हणजे किमान हजेरी, लागतो, अर्धा तास वाट बघायची, नाही झाला तर पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी, त्याच जागी. हे मी आईला का सांगितलं असेन! आणि तेव्हाही कोरम नसला तर हजर असतील तेच कोरम, हेही सांगून बसलो.

पुढच्या रविवारी पाच वाजता बाबा नेमके भाटात, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून. आई ओसरीवर चहा घेऊन बसली. साडेपाच वाजले तसं म्हणाली, "ठराव पास." एकट्या माणसाची मीटिंग होत नाही असा 1876 चा एक निकाल आहे, शार्प विरुद्ध डॉज, तो मी पुटपुटलो, पण ऐकतंय कोण.

बुधवारी टेंपो आला. बाबा बाहेरून आले, काही न बोलता फ्रिजचं दार उघडलं, आत डोकं घातलं, आणि तिथूनच विचारलं, "बर्फ किती वेळात होतो?"