पोटाची चरबी गालात टोचली की जखम गायब? थांबा की ओ जरा

गेला महिनाभर बेळगाव, खानापूर, निपाणी सगळीकडच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरालाय. मला एकट्याला सात-आठ जणांनी पाठवला आणि प्रत्येकाचं खाली तेच, "तू ओटीत (ऑपरेशन थिएटरात) असतोस न्हवं, खरं काय ते सांग." मेसेज थोडक्यात असा: चेहऱ्यावरची कुठलीही न भरणारी जखम, शुगरची असो, भाजल्याची असो नाहीतर कॅन्सरची, पोटाची चरबी काढून तिथं टोचली की एका सिटिंगमध्ये भरते, कारण चरबीत स्टेम सेल (नवीन पेशी तयार करू शकणाऱ्या मूळ पेशी) असतात, चरबी आपलीच म्हणून धोका शून्य, आणि हा नवीन शोध मोठे डॉक्टर मुद्दाम लपवतात.

मी सर्जन नाही, ओटी टेक्निशियन आहे. पण ती चरबीची सिरिंज धरून उभं राहायचं काम माझ्याकडंच असतं, म्हणून लिहितोय. आणि आधीच सांगतो, उपचार खोटा नाही, मेसेज खोटा आहे.

"नवीन शोध" हे पहिल्यांदा उडवून टाकू. १८९३ साली नॉयबर नावाच्या जर्मन सर्जननं दंडातली चरबी काढून चेहऱ्यावरच्या आत ओढल्या गेलेल्या व्रणाखाली भरली होती. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या कोलमन या सर्जननं आजची पद्धत नीट बसवून दिली. आपल्या पणज्याच्या काळातली गोष्ट आहे ही, लपवणार काय डोंबल.

आता "एका सिटिंगमध्ये". पोटाच्या कातडीखाली आधी सलाईन, भुलीचं औषध आणि रक्त कमी यावं म्हणून ॲड्रेनॅलिन असं पाणी सोडतात, मग बोथट नळीनं, साध्या १० मिलीच्या सिरिंजनं हळूहळू चरबी ओढतात. सिरिंज उभी ठेवली किंवा मशीनमध्ये फिरवली की तीन थर दिसतात, वर पिवळं तेल, खाली लालसर पाणी आणि मध्ये चरबी. तेल आणि पाणी टाकायचं, मधलं घ्यायचं. मग १ मिलीच्या बारक्या सिरिंजनं, एका वेळी ०.१ मिलीपेक्षाही कमी, असं थेंब थेंब वेगवेगळ्या थरांत सोडत यायचं. आपल्या भाताच्या लावणीसारखंच आहे ते. तरूची अख्खी पेंढी एकाच जागी खोचली तर कुजणार, दोन-चार काड्या अंतरानं लावल्या तर धरणार. चरबीला नवीन जागी पहिले काही दिवस स्वतःची रक्तवाहिनी नसते, बाजूच्या ओलाव्यावर जगायचं असतं, त्यामुळं मोठा गोळा टाकला की मधला भाग मरतो. नीट लावली तरी साधारण अर्धी टिकते, कुणाची जास्त कुणाची फारच कमी, म्हणून काही महिन्यांच्या अंतरानं दोन-तीन वेळा करावं लागतं. आणि हो, उघड्या जखमेच्या खड्ड्यात चरबी ओतत नाहीत, जखमेच्या कडेनं आणि खालून भरतात, त्यातही आधी पू आणि इन्फेक्शन आटोक्यात पाहिजे. मेसेजवाल्यानं हे कधी बघितलेलंच दिसत नाही.

स्टेम सेलचा मुद्दा अर्धा खरा आहे म्हणून जास्त फसवतो. चरबीत तसल्या पेशी असतात हे २००१ मध्ये दाखवलं गेलं. २००७ मध्ये इटलीतल्या रिगोटी या सर्जननं रेडिएशननं (कॅन्सरवरच्या किरणांच्या उपचारानं) कातडी खराब झालेल्या २० पेशंटना चरबी टोचून ती सुधारल्याचं मांडलं, पण त्या पेशंटना रेडिएशन छातीला दिलेलं होतं, चेहऱ्याला नव्हे, आणि तुलनेला दुसरा गट ठेवलेला नव्हता. चेहऱ्याच्या बाबतीतही बरेचसे अनुभव असेच थोड्या थोड्या पेशंटचे आहेत. आशा आहे, गॅरंटी नाही. शिवाय चरबी भरणं वेगळं आणि चरबीतनं पेशी वेगळ्या काढून "स्टेम सेल थेरपी" म्हणून पॅकेज विकणं वेगळं. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या नियमावलीनुसार रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेल उपचार फक्त मंजूर ट्रायलमध्येच द्यायचे, आणि तिथं पेशंटकडनं पैसे घ्यायचे नसतात. पॅकेजचा रेट सांगितला की समजून जावा.

"आपलीच चरबी म्हणून धोका शून्य." आपलीच म्हणून शरीर ती परकी समजून फेकत नाही, एवढंच खरं. तीच चरबी चुकून रक्तवाहिनीत गेली तर डोळा जाऊ शकतो, पॅरालिसिससुद्धा होऊ शकतो, त्यात दोन भुवयांच्या मधली जागा आणि नाकाचा भाग सगळ्यात बेभरवशाचा. असं क्वचित होतं, पण गेलेली नजर बहुतेक परत येत नाही. म्हणून तर बोथट नळी, कमी दाब आणि थेंब थेंब. पार्लरच्या वरच्या मजल्यावर करायचं हे काम नव्हे ओ.

आणि सगळ्यात राग येतो तो "कुठलीही जखम" या शब्दांचा. जखम का भरत नाही हे न बघताच टोचायचं? डोळ्याजवळ, नाकाजवळ खपली धरते, पडते, परत रक्त येतं, असं महिनोन्‌महिने चाललं असेल तर तो कातडीचा कॅन्सर असू शकतो. जुन्या भाजल्याच्या व्रणात वर्षानुवर्षांनी होतो तसा. तीन आठवड्यांत भरली नाही तर तुकडा काढून बायोप्सी, मग बाकीचं. चरबी रक्तवाहिन्या वाढवायला मदत करते म्हणूनच तिचा उपयोग, मग जिथं गाठ बसलीय तिथं रक्तवाहिन्या कशाला वाढवायच्या?

एक गंमत सांगतो. हनुवटीखाली बारीक भोक, त्यातनं रोज थोडा पू, असा एक माणूस आठ महिने मलम लावत फिरत होता. तोही हाच मेसेज दाखवत आला. एक्स-रे काढला तर खालच्या दाताच्या मुळाशी पू साठलेला, तिथनं वाट काढून बाहेर येत होता. दात काढला, भोक आपोआप बंद. चरबी टोचली असती तर दात तसाच कुजत राहिला असता आणि बिल वेगळं. तसंच रेडिएशननंतर आत जबड्याचं हाड मेलेलं असेल तर ते काढल्याशिवाय वर कितीही चरबी भरा, जखम बंद होणार नाही. शुगर ३०० असताना पण नाही, आणि तंबाखू, मिश्री चालू ठेवून तर नकोच, निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि नवीन लावलेली चरबी उपाशी मरते. निपाणी भागात हे सांगणं म्हणजे घरच्या धंद्याला शिव्या घालणं, तरी सांगतो.

मग कुणाला उपयोग होतो? निपाणीकडचीच एक आजी होती, बिड्या वळायची. गालाचा कॅन्सर, ऑपरेशन, रेडिएशन. नंतर जबड्याजवळची कातडी चामड्यासारखी कडक, हाडाला चिकटलेली, मध्ये अंगठ्याच्या नखाएवढी जखम, आत तोंडापर्यंत गेलेली. चहा प्यायली की तिथनं गळायचा. कॅन्सर परत आलेला नाही याची खात्री केली, हाड तपासलं, मिश्री सुटायला चार महिने गेले (भांडून). मग चरबी दोनदा, मध्ये चार महिने. दुसऱ्या वेळेनंतर डॉक्टरांनी कातडी चिमटीत धरून दाखवली, पहिल्यांदा ती उचलली गेली. शेवटी जखम बंद केली ती टाके घालूनच, चरबीनं नव्हे. पण त्या आधीच्या कातडीत टाका धरलाच नसता.

गालाला खड्डा अजून आहे, ती पदर पुढं ओढून बसते. परवा ड्रेसिंगच्या खोलीबाहेर बशीत ओतून चहा पीत होती, मांडीवरचा रुमाल कोरडा.