खात्यातला आकडा टीमपासून लपवू नका

फाउंडरला दूरदृष्टी हवी, हे सगळेच सांगतात. माझ्या मते त्याच्या नेतृत्वाचा कस वेगळ्याच ठिकाणी लागतो: पैसे किती महिने पुरतील हे स्वतःला आणि टीमला वेळेत, आकड्यांत सांगता येतं का?

समजा, खात्यात 48 लाख आहेत. महिन्याचा खर्च 9 लाख, वसुली 3 लाख. म्हणजे दरमहा 6 लाखांची तूट, आठ महिने निघतील. पण त्या 48 लाखांत भरायचा राहिलेला जीएसटी आणि टीडीएस (पगार वगैरे देताना सरकारसाठी कापून ठेवलेला कर) मिळून 6 लाख असतील, तर ते तुमचे नाहीतच. उरले सात महिने. नवी गुंतवणूक उभी करण्यात सहा महिने सहज जातात, त्यामुळे हालचाल आजच करायला हवी. पगारातून कापलेला टीडीएस एरवी पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत भरायचा असतो. तो वापरून पुढचे पगार भागवणं फार घातक. दरमहा दीड टक्का व्याज लागतं, खटलाही होऊ शकतो.

दर सोमवारी पुढच्या 13 आठवड्यांत किती पैसे येतील आणि जातील, याची शीट भरा. त्यात बिलाची तारीख धरू नका, पैसे खरोखर जमा होण्याची धरा. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. सेवा देणारी किंवा उत्पादन करणारी तुमची कंपनी सरकारच्या ‘उद्यम’ पोर्टलवर सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंदलेली असेल, तर करारात काहीही लिहिलेलं असो, ग्राहकाने 45 दिवसांत पैसे देणं 2006 च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्याने बंधनकारक आहे. नोंदणी क्रमांक बिलावरच छापा.

मग टीमला एकत्र बसवा. ‘काळजी करू नका, बघतो मी’ म्हटलं की लोक त्याच रात्री सीव्ही अपडेट करतात. त्याऐवजी सांगा: ‘सात महिन्यांचे पैसे आहेत. मार्चअखेर दोन मोठे ग्राहक आले नाहीत तर जाहिराती बंद. माझा पगार या महिन्यापासून निम्मा.’

माणसं कमी करावीच लागली तर एकदाच करा. तीन हप्त्यांत केलीत, तर ज्यांना ठेवायचं होतं तेच आधी जातात. नोटीसचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, अनुभवपत्र आणि व्हेस्ट झालेल्या ईसॉपची (कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीत घेण्याचा मिळवलेला हक्क) वापरण्याची मुदत, सगळं त्याच दिवशी लेखी द्या. ते शेअर घेताना किंमतही भरावी लागते आणि फायद्यावर करही लागतो. नोकरी गेलेल्या माणसाकडे एवढी रक्कम कुठून येणार? मुदत 90 दिवसांची असेल, तर योजनेच्या नियमांत बसवून ती वाढवून द्या.