मूग गिळून बसलेला कर्नल

व्हीएक्सलॅन या आभासी बोगद्याचे एक टोक आमच्या लिनक्स सर्व्हरवर, दुसरे टोक नेटवर्क स्विचवर, आणि दोन्ही टोके छातीठोकपणे सांगत होती की सारे काही सुरळीत आहे. इंटरफेस ‘अप’ दिसत होता, व्हीएनआय, म्हणजे आभासी नेटवर्कचा ओळखक्रमांक, दोन्हीकडे १०० हाच होता, खालच्या नेटवर्कवरून दोन्ही पत्ते एकमेकांना पिंग होत होते आणि पाठवलेल्या पॅकेटांचा आकडा सारखा वाढत होता. आलेल्या पॅकेटांचा आकडा मात्र शून्यावरून हलायला तयार नव्हता. तीन दिवस मी त्या शून्याकडे पाहत बसलो, आणि आज कारण सापडल्यावर सुटका वाटण्याऐवजी तळपायाची आग मस्तकात गेली आहे.

व्हीएक्सलॅनचे काम सांगायला सोपे आहे: इथरनेटची फ्रेम यूडीपी पॅकेटात गुंडाळायची आणि दुसऱ्या टोकाला ती उलगडायची. हे पॅकेट कोणत्या पोर्टवर, म्हणजे समोरच्या यंत्राच्या कितव्या दारावर, पाठवायचे, तेही २०१४ सालच्या आरएफसी ७३४८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात लिहिलेले आहे, ४७८९. परंतु लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, हे काम करणारे मॉड्यूल त्याआधीच, २०१२ मध्ये, ३.७ या आवृत्तीबरोबर आले, तेव्हा ८४७२ हा पोर्ट धरला गेला, आणि जुन्या मांडण्या मोडू नयेत म्हणून तो आजतागायत तसाच ठेवलेला आहे. जुन्यांची काळजी घ्यावी, याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण प्रमाणाशी न जुळणारा आकडा स्वतःहून निवडताना कर्नलने स्वतःच्या लॉगमध्ये एक ओळसुद्धा लिहू नये, हे मला मान्य नाही.

इशारा मिळतो तो कर्नलकडून नव्हे, तर इंटरफेस बनवणाऱ्या ‘आयपी’ या आदेशाकडून: पोर्ट दिलेला नाही, अप्रमाणित आकडा वापरला जाईल, ४७८९ हवा असेल तर तसे लिहा. इथवर ठीक होते. पण त्याच इशाऱ्याच्या शेवटी असेही सुचवलेले असते की हा संदेश बंद करायचा असेल तर ‘डीएसटीपोर्ट ०’ लिहा, म्हणजे पोर्ट कर्नलच्या मर्जीवर सोडा! आमच्या सर्व्हरवरची स्क्रिप्ट माझ्याआधी कोणीतरी लिहिलेली आहे आणि तिच्यात नेमके तेच शून्य आहे. म्हणजे दोष जिथल्या तिथे राहिला आणि त्याची वाच्यता करणारे एकमेव तोंड तेवढे बंद केले गेले. धोक्याची घंटा काढून टाकण्याची कृती खुद्द घंटेवरच का लिहून ठेवावी?

मी आपला आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी या चालीने फायरवॉलचे नियम तपासत राहिलो. जाणारी-येणारी पॅकेट दाखवणारा टीसीपीडम्प लावला तोही ४७८९ ची चाळणी लावून, कारण प्रमाण पोर्ट तोच. त्यात काहीच दिसेना, म्हणून पॅकेट बाहेरच पडत नाही असा समज करून घेतला आणि पूर्ण दिवस ब्रिजच्या (बोगदा आणि आभासी मशीन जोडणाऱ्या दुव्याच्या) मागे घालवला. तिसऱ्या दिवशी चाळणी काढली आणि ८४७२ ची रांग पडद्यावर धावू लागली. ४७८९ चीच वाट पाहणारा दुसरीकडचा स्विच ती सारी पॅकेट निमूटपणे टाकून देत होता.

कारण कळले म्हणून काम संपले असेही नाही. तयार इंटरफेसचा पोर्ट बदलता येत नाही; तो पाडून नव्याने उभारावा लागतो, आणि तो पाडला की ब्रिजशी असलेली जोडणीही जाते. मॉड्यूलला ‘यूडीपी_पोर्ट’ नावाचा पॅरामीटर आहे, तोच बदलावा म्हणून मॉड्यूल लोड करणाऱ्या मॉडप्रोबच्या फाइलमध्ये ४७८९ लिहिले, तर मॉड्यूल आधीच लोड झालेले असल्यामुळे ती ओळ वाचलीच गेली नाही. चालू स्थितीत तो पॅरामीटर केवळ वाचण्यापुरता आहे, आणि मॉड्यूल उतरवू म्हटले तर ते वापरात असल्याचे उत्तर मिळते. शेवटी भर कामाच्या वेळेत इंटरफेस पाडला.

मग पिंग सुरू झाले आणि मोठ्या फाइली अडकू लागल्या. इंटरफेस बनवताना ‘डेव्ह’ लिहून खालचे कार्ड सांगितले, तर कर्नल स्वतः ५० बाइट वजा करून एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, १४५० ठेवतो: आतल्या इथरनेट हेडरचे १४, व्हीएक्सलॅनचे ८, यूडीपीचे ८ आणि आयपीचे २०. आमच्या स्क्रिप्टमध्ये ‘डेव्ह’ नव्हते, म्हणून एमटीयू १५०० वरच राहिला आणि आभासी मशीनचे भरलेले पॅकेट बाहेर पडताना १५५० बाइटांचे झाले. आमचा ५.४ चा कर्नल त्याचे तुकडे करून पाठवत होता. व्हीएक्सलॅनच्या टोकाने तुकडे करू नयेत असे तीच आरएफसी बजावते, आणि आलेले तुकडे समोरच्या टोकाने न कळवता टाकून दिले तरी चालेल अशी मुभाही देते. एकाने नियम मोडला, दुसऱ्याने मुभा घेतली, आणि दोघांच्याही लॉगमध्ये अक्षर नाही.

आता स्क्रिप्टमध्ये डीएसटीपोर्ट ४७८९ आणि डेव्ह या दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत, आणि आतल्या प्रत्येक मशीनचा एमटीयू हाताने १४५० केला आहे. उरलेल्या अकरा सर्व्हरवर अजून तेच शून्य बसलेले आहे, आणि त्या प्रत्येकावर इंटरफेस ‘अप’ दिसतो आहे.