रातांब्याचं झाड नर तर नाही ना?

रातांब्याला, म्हणजे कोकमाला, फळं का धरत नाहीत यावरच्या लेखात खत, पाणी, छाटणी, ऊन सगळं आलं, पण नर आणि मादी झाडं वेगळी असतात हा मुद्दा राहिला. आमच्या परसात आजीने बी टाकून लावलेला रातांबा. आठ वर्षांनी फुलला, आम्ही खूश. फळ मात्र एकही नाही! बाबांनी शेणखत घातलं, आळं केलं, शेजारच्या काकांनी तर बुंध्यात खिळे ठोकायला सांगितलं (नशीब, ठोकले नाहीत). शेवटी एका नर्सरीवाल्याने फूल हातात घेऊन दाखवलं: मध्ये नुसता पुंकेसरांचा पिवळा झुबका. मादी फुलात मधोमध इवलासा हिरवा गोळा असतो, तेच पुढे फळ. बियांपासूनच्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि फुलेपर्यंत ते कळत नाही. तोवर सात-आठ वर्षं गेलेली असतात.

म्हणून मादी झाडाचं कलमच घ्या, दापोली कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' ही जात चांगली आहे. कलमाची काडी सरळ वर वाढणाऱ्या शेंड्याची आहे ना, तेही विचारा. आडव्या फांदीची असली तर झाड वर न जाता झुडपासारखं पसरतं.

नर झाड आम्ही तोडलं नाही. आता त्याच्या शेजारी दोन कलमं आहेत, परागासाठी तेच उपयोगी पडतंय.