हिटलर निवडून आला नव्हता, त्याला नेमलं गेलं

"हिटलरला जर्मन जनतेनंच प्रचंड बहुमतानं निवडून दिलं, आणि त्यानं बेकारी संपवून, रस्ते बांधून देश उभा केला. लोकांचा कौल होता, मग तक्रार कसली?" हा मजकूर पुन्हा पुन्हा फिरत येतो. शिकलेली माणसंही तो पुढे ढकलतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी 'प्रचंड बहुमत'. १९२८ च्या संसद निवडणुकीत हिटलरच्या नाझी पक्षाला २.६ टक्के मतं आणि १२ जागा होत्या. मग मंदी आली, बेकारांचा आकडा साठ लाखांवर गेला, आणि जुलै १९३२ मध्ये त्यांनी ३७ टक्के मतं घेतली. हा आकडा लहान नाही. दर तीन मतदारांत एकाहून अधिक त्यांच्या मागे होते, हे मान्य करायलाच हवं. पण ६०८ पैकी २३० जागा म्हणजे बहुमत नव्हे. नोव्हेंबरच्या फेरनिवडणुकीत तर सुमारे वीस लाख मतं घटली, जागा १९६ वर आल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये देशाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत आधीपासून त्या पदावर असलेल्या हिंडेनबुर्गनं हिटलरला ५३ विरुद्ध ३७ टक्क्यांनी हरवलं होतं.

मग तो चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, झाला कसा? १९३० पासून सरकारं संसदेच्या नव्हे, अध्यक्षांच्या वटहुकमांच्या जोरावर चालत होती. कोणाला नेमायचं हे ८५ वर्षांच्या हिंडेनबुर्गच्या भोवतालची मूठभर माणसं ठरवत होती. त्यांतल्या फ्रांझ फॉन पापेन या माजी चॅन्सेलरनं म्हाताऱ्याचं मन वळवलं आणि स्वतः व्हाइस चॅन्सेलर झाला. मंत्रिमंडळात हिटलरखेरीज दोनच नाझी, तेव्हा हा आपल्या मुठीत राहील, असा त्याचा हिशेब. ३० जानेवारी १९३३ ला नेमणूक झाली.

"मार्चच्या निवडणुकीत तरी बहुमत मिळालंच ना?" नाही. प्रशिया या सर्वांत मोठ्या प्रांतात हिटलरचा मंत्री गोरिंग यानं स्वतःच्याच पक्षाच्या गुंडांना पोलिसांच्या मदतीला म्हणून भरती केलं. २७ फेब्रुवारीला संसद जळाली, दुसऱ्या दिवशी नागरिकांचे मूलभूत हक्क गोठवले गेले, कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली. एवढं करूनही ५ मार्चला मतं ४३.९ टक्केच!

२३ मार्चची बैठक तर प्रत्येकानं डोळ्यांसमोर आणावी. जळक्या संसदेऐवजी क्रोल ऑपेरा हाउस. आत-बाहेर तपकिरी गणवेशातले नाझी गुंड. कायदे करण्याचा अधिकार सरकारला देणारं विधेयक मांडलेलं. ८१ कम्युनिस्ट खासदारांपैकी एकालाही येऊ दिलेलं नाही. त्या सभागृहात सोशल डेमोक्रॅट या समाजवादी पक्षाचा नेता ओटो वेल्स उभा राहिला आणि म्हणाला, आमचं स्वातंत्र्य आणि प्राण हिरावून घेता येतील, आमची अब्रू नाही. मतं पडली ४४४ विरुद्ध ९४. विरोधातली सगळीच्या सगळी त्याच्या पक्षाची. कॅथलिकांचा सेंटर पक्ष हिटलरच्या बाजूनं गेला. त्या ९४ जणांना 'जनतेचा कौल' या दोन शब्दांत पुसून टाकणं मला सहन होत नाही.

राहिली बेकारी. ती घटली हे खरं. पण कामं काढायचा पैसा आधीच्या सरकारनं मंजूर करून ठेवला होता, आणि पुढचा जोर आला तो शस्त्रांच्या कारखान्यांतून आणि १९३५ च्या सक्तीच्या लष्करभरतीतून. लग्नासाठी सरकारी कर्ज हवं तर बाईनं नोकरी सोडायची, अशी अटही होती.

आणि ते रस्ते? कोलोन ते बॉन हा मोटाररस्ता ऑगस्ट १९३२ मध्येच खुला झाला होता. त्याचं उद्घाटन केलं होतं कोलोनचा महापौर कोनराड आडेनाउअर यानं. सात महिन्यांनी नाझींनी त्याला पदावरून हाकललं.