९२ म्हणजे 'मागे' नव्हे

'बुद्ध्यांक ९२ आला म्हणजे मूल सरासरीपेक्षा मागे' हे मुलांच्या बुद्धिमत्ता चाचण्यांवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. या चाचण्यांत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेले असतात त्याचं माप) १५ धरतात, म्हणजे ८५ ते ११५ मध्ये सुमारे दोन तृतीयांश मुलं येतात. ९२ त्यातच बसतो. शिवाय चांगल्या अहवालात आकड्याशेजारी 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा पट्टा दिलेला असतो, म्हणजे मुलाचा खरा गुण बहुधा या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असतो. पालकांना तो कुणी समजावून सांगतच नाही.

माझी लेक चार वर्षांची असताना तिची चाचणी झाली. रंगीत ठोकळे चित्राप्रमाणे लावायचे होते. तिने त्यांची आगगाडी केली आणि टेबलाच्या कडेपर्यंत नेली. शब्दांच्या प्रश्नांना तर तोंडच उघडलं नाही. तपासणाऱ्या बाई मात्र आकड्यावर थांबल्या नाहीत, आधी कान तपासून घ्या म्हणाल्या. दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साचलेलं निघालं! उपचारानंतर वर्षभराने पुन्हा चाचणी केली तेव्हा भाषेच्या भागात तिचे गुण कितीतरी वाढले होते. एवढ्या लहान वयात आकडे असे हलतातच. लेखात ऐकण्याच्या तपासणीचा साधा उल्लेखही नाही, तो कृपया घाला.