सर्वांत शेवटी चढणारा माणूस

प्रत्येक घरात एक ड्रायव्हर असतो, एक गार्ड असतो आणि उरलेले सगळे पॅसेंजर. "चला, निघू या" म्हणून जो चपला पायांत सरकवतो तो ड्रायव्हर. आमच्याकडे हे पद सौ.कडे आहे. ते वाक्य कानावर पडल्यावरच ज्यांना केस विंचरायचे असतात, पाणी प्यायचं असतं आणि चार्जर सापडत नसतो, ते पॅसेंजर. आणि सगळी मंडळी जिना उतरून रिक्षात बसल्यावर ज्याला "अहो, गॅस बघितलात ना?" असं विचारलं जातं, तो गार्ड. तो परत वर येतो. गॅस बघतो. आलोच आहोत तर गीझर, नळ, बाल्कनीचं दार आणि देवापुढचं निरांजनही बघतो. कुलूप लावतो, ओढतो, एक मजला उतरतो आणि आपण कुलूप खरंच ओढलं की ओढायचं नुसतं मनात आलं होतं, हे बघायला पुन्हा वर जातो. खाली रिक्षात सगळे त्याच्या नावाने बोटं मोडत असतात. उशीर त्याच्यामुळे होत असतो ना!

मी आमच्या घरचा गार्ड आहे. या जागेसाठी अर्ज केल्याचं मला स्मरत नाही.

जुन्या रेल्वेबद्दल सापडेल ते वाचायचा मला नाद आहे. परवा कुटुंब अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला निघालं तेव्हा सौ., दोन मुलं, वहिनी, आत्या, नाना असा लवाजमा आणि सतरा डाग मोजता मोजता माझ्या लक्षात आलं, की मी जे करतोय त्याची एकोणिसाव्या शतकात रीतसर नियमावली होती. शिवाय गणवेश होता आणि पगारही मिळत असे.

या जमातीचा मूळपुरुष रेल्वेच्याही आधीचा. इंग्लंडात 1784 पासून टपाल नेणाऱ्या घोडागाड्या धावू लागल्या, त्यांच्यावर सरकारी गार्ड असे. त्याच्याजवळ रुंद तोंडाची एक बंदूक, पिस्तुलांची जोडी, एक कर्णा आणि कुलूपबंद पेटीतलं घड्याळ. कुलूप अशासाठी, की उशीर झाला तर गार्डाने काटे मागे सरकवू नयेत. म्हणजे दरोडेखोरांवर गोळी झाडायला ज्याच्यावर भरवसा, त्याच्यावर घड्याळापुरता भरवसा नाही. मला हे फार ओळखीचं वाटलं. घरातल्या सगळ्यांची आधारकार्डं माझ्याकडे असतात, पण खाऊचा डबा नसतो.

आगगाड्या आल्या तेव्हा बंदूक गेली, बावटा आणि शिट्टी आली. पण बसायचं कुठे, हे कुणी ठरवलंच नव्हतं. सुरुवातीची कितीतरी वर्षं गार्ड डब्याच्या टपावर बसून जायचा, सामानाशेजारी. समोरून इंजिनाच्या ठिणग्या, वरून पुलाच्या कमानी. टपावरच्या सामानाने पेट घेतला तर विझवायची जबाबदारी कुणाची, हे सांगायला नकोच. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या काही इंजिनांच्या मागे, कोळसा-पाण्याच्या गाड्याला, म्हणजे टेंडरला, पाठीमागून एक लोखंडी आडोसा जोडलेला असे. त्यात एक माणूस गाडीकडे तोंड करून, म्हणजे जायच्या दिशेला पाठ करून, बसवलेला असे. काम एकच: मागचे डबे मागे येतायत ना, हे बघत राहायचं. त्या जागेला लोक 'लोखंडी शवपेटी' म्हणत. आमच्याकडे भाड्याची जीप केली की मागची आडवी घडीची सीट माझ्यासाठी राखीव असते. मांडीवर दोन डाग, पायांशी तीन आणि नजर सगळ्यांच्या पाठींवर. निसर्ग मला नेहमी निघून गेल्यावर दिसतो.

अधिकाराचं म्हणाल तर कागदोपत्री गार्ड मोठा. गाडी त्याच्या ताब्यात. ती कधी सुटणार, कुठे थांबणार, याबाबत ड्रायव्हरने गार्डाचं ऐकायचं, असं जुन्या नियमावल्या बजावून सांगतात. पण इंजिन ड्रायव्हरकडे! गार्डाने बावटा दाखवायचा, शिट्टी फुंकायची आणि गाडी हलली की धावत जाऊन आपल्या डब्याचा दांडा पकडायचा. ज्याच्या परवानगीने गाडी सुटते, तोच तिच्यामागे पळतो. मी सौ.ला हे सांगून बघितलं. तिने शांतपणे रेशनकार्डाची आठवण दिली. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने तिथेही घरातली ज्येष्ठ बाईच कुटुंबप्रमुख. म्हणजे आम्ही कागदोपत्रीही मोठे नाही.

सामानाची गोष्ट तर विचारू नका. गार्डाच्या डब्यात पार्सलं असत, टपाल असे, खाली कुत्र्यांसाठी वेगळा कप्पा असे. एवढ्यावर भागत नसे. इंग्लंडात एकट्याने प्रवास करणारी लहान मुलं आणि बायका घरचे लोक 'गार्डाच्या हवाली' करत. हातावर चार नाणी ठेवायची आणि म्हणायचं, पोरीला अमुक स्टेशनात मावशीच्या ताब्यात द्या. आमच्याकडे नाण्यांची पद्धत नाही. वहिनींचे भाऊ दादरला आले ते कोल्हापूरच्या सासुरवाडीसाठी आंब्याच्या रोपाची कुंडी घेऊन. "भावोजींकडे दे रे," वहिनी म्हणाल्या. आत्याने लोणच्याची बरणी दिली. "बाळ्या, आडवी करू नकोस हो." मुलाने फुगा दिला. नानांनी काही दिलं नाही, पण नाना हेच हवाली केलेलं पार्सल होतं.

आता किल्ल्या. त्या काळी गार्डाकडे डब्यांच्या किल्ल्या असत आणि प्रवाशांना आत घालून बाहेरून कुलूप लावायची रीतच होती. धावत्या गाडीतून लोक उतरू नयेत, हा त्यामागचा विचार. मे 1842 मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणारी गाडी रुळांवरून घसरून पेटली आणि बंद दारांमागे कितीतरी माणसं गेली. तेव्हा सिडनी स्मिथ नावाच्या एका खट्याळ इंग्रज पाद्र्याने या कुलपांविरुद्ध वृत्तपत्रात पत्रं लिहिली. एखादी बडी असामी जळाल्याखेरीज कंपन्या सुधारणार नाहीत, एखादा बिशप मिळाला तरी चालेल, असा त्याचा मुद्दा होता. स्वतः धर्मखात्यातला असून! मला हा माणूस शेजारी म्हणून आवडला असता.

किल्ल्यांचं माझं दुःख साधं आहे. बाकाखालच्या बॅगांना साखळी घालून कुलूप लावायचं नानांचं तत्त्व, आणि किल्ली गार्डाकडे. गार्ड वरच्या बर्थवर. नानांची गोळी साखळीतल्या बॅगेत. नानांना मध्यरात्री गोळी आठवते.

आणि इथे मला 1868 चा ब्रिटिश कायदा आठवतो. त्याच्या चार वर्षं आधी लंडनजवळ धावत्या गाडीत एका बँकवाल्याचा खून झाला होता. बंद डब्यातून मदत मागायची सोय नव्हती म्हणून लोक घाबरले. मग कायद्याने सांगितलं, की 20 मैलांहून जास्त न थांबता धावणाऱ्या गाडीत प्रवाशाला गार्डाला बोलावता आलं पाहिजे. कंपन्यांनी स्वस्तातला उपाय काढला: डब्यांच्या बाहेरून, छपराच्या कडेने एक दोरी, तिचं टोक गार्डाच्या डब्यातल्या घंटेला. संकटात सापडलेल्या माणसाने खिडकी उघडायची, हात बाहेर काढायचा, दोरी चाचपायची आणि ओढत राहायचं. दोरी इतकी सैल, की कितीतरी हात ओढून झाली तरी घंटा गप्प. तोवर खुनी उतरून घरी जाऊन जेवला असता. विनाकारण ओढली तर पाच पौंडांपर्यंत दंड. नानांची दोरी मात्र पहिल्या झटक्यात काम करते. माझ्या चादरीचं जे टोक बर्थखाली लोंबतं ना, तेच ते ओढतात.

त्यातून वेळेचा घोळ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडे रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची आणि मुंबई आपल्या सूर्यावर. दोहोंत अर्ध्या तासाचं अंतर. मुंबईतल्या गार्डाच्या खिशातलं घड्याळ शहराच्या अर्धा तास पुढे असायचं, त्यामुळे वेळेवर आलेल्या मुंबईकराचीही गाडी चुकू शकत असे. 1906 मध्ये देशाची एक प्रमाणवेळ ठरली, पण मुंबईने या नव्या वेळेच्या मागचं आपलं 39 मिनिटांचं मागासलेपण 1955 पर्यंत जपलं. आमच्या घरात ही लढाई अजून चालू आहे. हॉलमधलं घड्याळ सौ. मुद्दाम वीस मिनिटं पुढे ठेवते. ते पुढे आहे हे सगळ्यांना माहीत असल्याने सगळे पंचवीस मिनिटं आरामात बसतात.

पण गार्डाचं खरं काम ब्रेकचं. इंजिनाला स्वतःचा ब्रेक असे, मागे गार्डाच्या डब्यात हाताने फिरवायचं चाक, आणि मधल्या डब्यांना बहुधा काहीच नसे. ड्रायव्हरला गाडी आवरेनाशी झाली की तो शिट्टी द्यायचा, ती ऐकून गार्डाने चाक आवळायचं. आता ही रीत बोरघाटात लावून बघा. 1863 मध्ये घाट सुरू झाला तेव्हा चढ 37 फुटांना 1 फूट होता, आणि मधेच खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन. तिथे गाडी थांबायची, इंजिन या टोकाचं त्या टोकाला जायचं आणि गाडी उलट्या दिशेने निघायची. जो डबा शेवटचा होता तो पहिला. 1920 च्या दशकाच्या अखेरीस नवी वाट झाली आणि ही गंमत संपली. ब्रेक न लागलेल्या गाड्यांसाठी चढावर वळवलेले रुळांचे फाटे, म्हणजे कॅच सायडिंग, घाटात आजही आहेत.

हाताच्या ब्रेकवर किती भिस्त ठेवायची, याचा हिशेब 12 जून 1889 ला आयर्लंडमध्ये आर्माजवळ झाला. रविवारच्या शाळेची सहल, बरीचशी मुलं. चढावर इंजिन दमलं, म्हणून गाडी दोन तुकड्यांत न्यायचं ठरलं. मागचे दहा डबे गार्डाच्या एका हातब्रेकवर आणि चाकांमागे सरकवलेल्या दगडांवर उभे राहिले. इंजिनाचा हलकासा धक्का लागला आणि ते उताराला लागले. मागून दुसरी गाडी येत होती. ऐंशीच्या आसपास माणसं गेली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कायदा झाला, की प्रवासी गाडीच्या सगळ्या डब्यांना आपोआप लागणारा ब्रेक हवा. गाडी तुटली, नळी फाटली, तर कुणीही हात न लावता ब्रेक लागला पाहिजे. इतकी वर्षं एका माणसाच्या मनगटावर सोडलेलं काम शेवटी नळीतल्या हवेकडे गेलं. यात मला हसण्यासारखं काही सापडत नाही.

कुटुंबासाठी असा ब्रेक अजून निघालेला नाही. कर्जतला गाडी थांबली आणि नाना वड्यासाठी उतरले. घाट चढायला तिथे गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावतात, तेवढा वेळ पुरेसा आहे असा नानांचा अंदाज. "अरे, इंजिनं लागल्याचा धक्का बसला की येतो." धक्का गाडीत बसलेल्याला बसतो, फलाटावरच्याला नाही, हे त्यांना पटवेपर्यंत ते दिसेनासे झाले. मी दारात उभा. बाकी बँकर लागला की गार्डाच्या डब्यामागे इंजिनं येतात, म्हणजे लोणावळ्यापर्यंत गार्ड शेवटचा राहत नाही. त्यालाही कुणीतरी मागून ढकलतं. मला हेवा वाटला.

गाडी वाटेतच अडली तर काय, याचंही उत्तर ठरलेलं. पॅसेंजर खिडकीतून डोकावणार, ड्रायव्हर इंजिन बघणार आणि गार्ड कंदील घेऊन एकटा मागे चालत जाणार. मागून येणाऱ्या गाडीला सावध करायला रुळावर फटाके लावायचे. चाक वरून गेलं की स्फोट होतो. ही युक्ती एडवर्ड काउपर नावाच्या इंग्रजाची, 1841 ची. आपल्याकडच्या नियमांत ती आजही आहे: ब्रॉडगेजवर 600 मीटरवर एक, 1200 मीटरवर दहा-दहा मीटर सोडून तीन. पाऊस असो, बोगदा असो. सगळं जग पुढे जायला निघालेलं असताना मागे जायचं काम ज्याचं, त्याला 'पाण्याची बाटली बहुतेक रिक्षातच राहिली' हे वाक्य काय असतं ते विचारा.

जानेवारी 2022 मध्ये रेल्वेने गार्ड हे पदनाम बदलून 'ट्रेन मॅनेजर' केलं. मी लगेच घरी अर्ज ठेवला. नाव मंजूर झालं. "मॅनेजर, नळ बघून या," असं आता म्हणतात.

जुन्या गार्डाला प्रत्येक फेरीचा रोजनामा लिहावा लागे. गाडी कुठे किती वाजता आली, किती मिनिटं वाया गेली आणि कोणामुळे. वरिष्ठ तो वाचून दोष कुणाचा ते ठरवत. कोल्हापूरच्या फेरीचा मीही लिहून ठेवला आहे.

घर. सुटण्यास उशीर 22 मिनिटे. कारण: गार्डने कुलूप पुन्हा पाहिले. (कारण ड्रायव्हरच्या सांगण्यावरून नोंदवले.)

दादर. माणसे 7, डाग 17. बरोबर. कुंडी, बरणी व फुगा यांत धरलेले आहेत.

कर्जत. एक पॅसेंजर उतरला. हाक मारली. ऐकू आली नाही, असे पॅसेंजरचे म्हणणे. गाडी हलल्यावर मागच्या डब्यात चढून आतून चालत आले. वडे 6 आणले.

पुण्याच्या पुढे, मध्यरात्र. चादर ओढली गेली. कारण: 'झोपलास का' हे विचारायचे होते. दंड वसूल केला नाही.

मिरज. फुगा फुटला. डब्यात घबराट. आत्यांनी रामरक्षा सुरू केली ती पूर्ण होऊ दिली.

कोल्हापूर. गाडी वेळेवर. उतरण्यास उशीर 6 मिनिटे. कारण: नानांची डावी चप्पल. मिळाली. फलाटावर मोजणी केली. माणसे 7. डाग, फुगा वजा जाता, 18. पुन्हा मोजले. 18.